निराधारांचें अनुदान आणि शेतकऱ्याचा सातबारा

शेतकी मासिकांत बहुधा बीं, खत, कीड व बाजारभाव यांविषयीं लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला, ज्या घरांत म्हातारा-म्हातारी दोघेंच उरलीं, किंवा ज्याच्या अंगांत काम करण्याची शक्ति राहिली नाहीं, अशा शेतकऱ्यास कपाशीची सुधारलेली जात सांगून काय उपयोग? त्यास प्रथम चुलीची चिंता असते. अशा घरांकरितां सरकारनें कांहीं योजना केल्या आहेत, व त्यांचीं नांवें आमच्या वाचकांच्या कानांवरून गेलींहि असतील. तथापि नांव ठाऊक असणें निराळें आणि पैसा हातीं पडणें निराळें. या दोहोंमध्यें कागदांची एक लांबलचक वाट आहे. त्या वाटेंत माणूस कोठें अडखळतो हें आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत तीस वर्षांहून अधिक काळ मेजाच्या आंतल्या बाजूनें पाहिलें. सेवानिवृत्त होऊन पवनारास राहूं लागल्यापासून तीच वाट बाहेरच्या बाजूनें दिसूं लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

जें सांगावयाचें तें आरंभींच सांगतों. गरीब शेतकऱ्याच्या अर्जाचें बहुतेक नुकसान अर्ज लिहिण्यापूर्वींच झालेलें असतें, आणि तें सातबाऱ्यावर झालेलें असतें. वडील वारले, आजोबा वारले, तरी शेत त्यांच्याच नांवावर राहूं दिलें, याचा दंड पुढें घरांतील सर्वांत दुबळ्या माणसास, म्हणजे बहुधा विधवेस, भरावा लागतो.

हा विषय शेतमालकांचा कसा?

कोणी म्हणेल कीं, हें मासिक जमीन बाळगणाऱ्या शेतकऱ्यांचें. निराधारांच्या योजनांशीं आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला असा कीं, आपल्या जिल्ह्यांत चार एकर कोरडवाहू पऱ्हाटीचा धनी आणि निराधार मनुष्य यांमध्यें पुष्कळदां एका अपघाताचें किंवा एका आजाराचेंच अंतर असतें. सन २००६ मध्यें पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम यांच्या बरोबरीनें आपला वर्धा जिल्हाहि होता. ती योजना कशासाठीं करावी लागली, हें येथें नव्यानें सांगावयास नको. ज्या घरांवर तो प्रसंग आला, त्यांतील बहुतेकांच्या नांवानें कोठेंना कोठें शेत होतेंच.

दुसरा संबंध असा कीं, ज्यास लिहितां-वाचतां येतें त्याच्याकडेच शेजारची म्हातारी कागद घेऊन येते. आपल्या शेतांत वीस वर्षें निंदण करणारी बाई आतां वांकली आहे. तिचा अर्ज कोण लिहिणार? मालकानें लिहिला तर एक संध्याकाळ जाते. दलालानें लिहिला तर तिच्या पहिल्या दोन महिन्यांचें अनुदान जातें.

ही भीक नव्हे

आमच्या गांवांत एक अडचण विशेष आहे. धाम नदीच्या कांठीं सन १९३८ मध्यें विनोबा येऊन राहिले. त्यांच्या परमधाम आश्रमानें श्रमाची प्रतिष्ठा या परिसरास शिकविली, आणि ती शिकवण येथील जुन्या माणसांच्या अंगीं मुरलेली आहे. म्हणून एखादा सत्तरीचा शेतकरी म्हणतो, “आमी कष्टाचं खाल्लं, आता सरकारले हात कशाले पसरावं?” ही भावना आदरणीय आहे, परंतु तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. सन १९५१ मध्यें विनोबांनीं पोचमपल्ली येथें भूदानास आरंभ केला, तेव्हां त्यांनीं भूमिहीनांसाठीं जमिनीचा हिस्सा मागितला तो हक्क म्हणून, भिक्षा म्हणून नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांतहि वार्धक्य, आजार व अपंगत्व या अवस्थांत नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळावें, असें राज्यास मार्गदर्शन केलेलें आहे.

आणखी मागें पाहूं. इंग्रजी अमदानींत सन १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं विहीर, बांध, बैल व बियाणें यांसाठीं तगाई मिळूं लागली. आपल्या पणजोबांनीं ती घेतली, आणि त्यांस कोणी भिकारी म्हटलें नाहीं. ज्याच्या अंगांत काम करण्याची ताकद आहे त्यानें काम करावें, हें खरेंच. ज्याची ताकद याच काळ्या मातींत खर्च झाली, त्यानें साहाय्य घेण्यांत उणेपणा कोणता?

कोणतें साहाय्य कोणास

आतां मुख्य योजना थोडक्यांत सांगतों. रकमा व मर्यादा सरकार वेळोवेळीं बदलतें, म्हणून अर्ज करण्यापूर्वीं तहसिलींत एकदां विचारून घ्यावें.

पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही सन १९८० पासून चालू आहे. वय १८ ते ६५ मधील विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, दिव्यांग, तसेंच कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग अशा व्याधींनीं काम करण्यास असमर्थ झालेले निराधार स्त्री-पुरुष यांस ती लागू आहे. अर्जदार महाराष्ट्रांत निदान १५ वर्षें राहिलेला असावा. घराचें नांव दारिद्र्यरेषेच्या यादींत असावें, किंवा कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें. दिव्यांगांसाठीं ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळूं लागले. दिव्यांगांस ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यांत आले.

दुसरी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. ही ६५ वर्षें व त्यावरील वृद्धांसाठीं आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच २१,०००, व रक्कमहि दरमहा १,५०० रुपये. ज्यांचें नांव दारिद्र्यरेषेच्या यादींत आहे त्यांचा कांहीं भाग केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेंतून येतो व उरलेला राज्य घालतें.

तिसरी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील घरांतील १८ ते ५९ वर्षें वयाचा कर्ता माणूस कोणत्याहि कारणानें वारला, तर त्या घरास एकदांच २०,००० रुपये मिळतात.

चौथी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकऱ्यांसाठीं ही सर्वांत महत्त्वाची असून तिच्याविषयींच अज्ञान फार आहे. वीज अंगावर पडणें, सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरींत अगर नदींत बुडणें, फवारणीच्या औषधाची विषबाधा, रस्त्यावरील अपघात, वन्य प्राण्याचा हल्ला, अशा कारणांनीं १० ते ७५ वर्षें वयाच्या शेतकऱ्याचा मृत्यु झाल्यास वारसांस २ लाख रुपये मिळतात. एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नांव असलेला खातेदार, व त्याच्या घरांतील नांव नसलेली एक व्यक्ति, म्हणजे आई, बाप, नवरा, बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी, यांस ती लागू आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आंत करावयाचा असतो. आत्महत्येस ही योजना लागू नाहीं. त्यासाठीं सन २००६ पासून १ लाख रुपयांच्या साहाय्याची निराळी व्यवस्था असून त्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे असतो.

पांचवी गोष्ट धान्याची. अंत्योदय कार्डावर कुटुंबास दरमहा ३५ किलो, व प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो धान्य मिळतें. जानेवारी २०२३ पासून त्याचें मोल घेतलें जात नाहीं. ग्रामीण भागांत प्राधान्य कुटुंबासाठीं उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ४४,००० रुपये आहे. याशिवाय वर्धा धरून राज्यांतील १४ जिल्ह्यांत, या यादींत न बसलेल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस सन २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत असे. सन २०२३ मध्यें धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये रोख देण्याचें ठरलें, व पुढील वर्षीं ते १७० झाले. आपल्या घरचें कार्ड केशरी असून सातबारा आपल्या नांवें असेल, तर हे पैसे येतात कीं नाहीं हें पाहावें.

आमच्या हातून झालेली चूक

ही यादी कोठल्याहि फलकावर वाचावयास मिळेल. जें फलकावर लिहिलेलें नसतें तें सांगण्यासाठीं आमच्याच हातून झालेली एक चूक येथें मांडतों.

गोष्ट सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची. आम्ही तेव्हां दुसऱ्या एका तालुक्यांत निराधार योजनेच्या मेजावर होतों. एक पस्तिशीची बाई अर्ज घेऊन आली. नवरा शेतांत वखर हाकीत असतांना वीज पडून वारला होता. शेत आठ एकर. परंतु तें सासऱ्याच्या नांवें, आणि सासरा तर नवऱ्याच्याहि आधीं आठ वर्षांपूर्वींच वारलेला. दोन भाऊ व दोन बहिणी, यांपैकीं कोणीहि वारसांची नोंद केलेली नव्हती. “भावाभावांत सलोखा आहे, कागदाची घाई काय,” असें सर्वांचें म्हणणें.

अर्जास उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता. तो कां नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. समोर रांग होती. आम्हीं लाल शाईनें ‘अपूर्ण’ असा शेरा मारला व अर्ज परत दिला. तिनें विचारलें, “बाबू, काय राह्यलं जी याच्यात?” आम्ही म्हणालों, “बाई, पटवाऱ्यास भेटा.” ती गेली.

दीड वर्षानें निवडणुकीच्या कामासाठीं त्याच गांवीं जाणें झालें. मतदानाच्या आदल्या दिवशीं शाळेच्या ओसरीवर ती बाई भेटली व तिनें आम्हांस ओळखलें. घरीं जाऊन तिनें प्लास्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेला तोच अर्ज आणला. त्यावर आमचेंच अक्षर होतें. ती पटवाऱ्याकडे तीनदां गेली होती. पटवारी म्हणे, शेत आठ एकर आहे, तेव्हां उत्पन्न आठ एकरांचें धरावें लागेल. तेवढें धरलें कीं दाखला मर्यादेबाहेर जाई. त्या काळच्या शेतकरी अपघात विमा योजनेंतून १ लाख रुपये मिळाले असते. परंतु ती योजना तेव्हां फक्त खातेदारास लागू होती, आणि मेलेल्या नवऱ्याचें नांव सातबाऱ्यावर चढलेलेंच नव्हतें. नववींत शिकणारा मुलगा शाळा सोडून सालदार म्हणून राहिला होता, व त्याच्या सालाचे पैसे आगाऊ उचललेले होते.

आम्हीं पुढें जमेल तें केलें. वारसांची नोंद झाली, हिस्सा ठरला, दाखला निघाला, अनुदान मंजूर झालें. परंतु अनुदान मंजुरीच्या पुढचें मिळतें, मागचें मिळत नाहीं. विम्याची रक्कम गेली ती गेलीच. मुलगा शाळेंत परत गेला नाहीं. त्या दिवशीं दोन मिनिटें काढून ‘सासऱ्याच्या जागीं वारसांचीं नांवें चढवून घ्या, मग तुमच्या वांट्यापुरतें उत्पन्न धरलें जाईल’ एवढें एक वाक्य आम्हीं सांगितलें असतें, तर त्यांतील पुष्कळ टळलें असतें. तें वाक्य आम्ही आज येथें लिहीत आहों.

सातबारा जिवंत ठेवावा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सन १९६६ ची. तिच्या १४९ व्या कलमाप्रमाणें वारसाहक्कानें जमीन आली असतां तीन महिन्यांच्या आंत पटवाऱ्यास कळवावयाचें असतें. (या पदाचें नांव सन २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे, आपल्याकडे अद्यापि पटवारीच म्हणतात, म्हणून आम्हीहि तेंच लिहितों.) पटवारी वारसांची नोंद प्रथम गांव नमुना सहा-क मध्यें करतो, चौकशी होते, मग नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहींत नोंद पडते. हितसंबंधी लोकांस नोटीस जाऊन हरकतीसाठीं १५ दिवस दिले जातात. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो व नांवें सातबाऱ्यावर येतात. हा अर्ज आतां ई-हक्क प्रणालींतून घरबसल्याहि करतां येतो.

यासाठीं मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत करावी; वर्ष उलटून गेल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो व त्यांत महिने जातात. वीज, सर्प, विहीर अशा कारणानें मृत्यु झाला असेल तर पोलीस पाटलास त्याच दिवशीं कळवून पंचनामा व शवविच्छेदन करून घ्यावें. दुःखाच्या प्रसंगीं हें बोलणें कठोर वाटेल. परंतु “देहाची चिरफाड नको” म्हणून ज्यांनीं तें टाळलें, त्यांच्या मुलाबाळांस नंतर कांहींच सिद्ध करतां आलें नाहीं, असे प्रसंग आम्हीं पाहिले आहेत.

वारस सांगतांना मुलगी व विधवा यांचीं नांवें गाळूं नयेत. सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवा, मुलगे, मुली व आई हीं सर्व पहिल्या वर्गाचीं वारस आहेत, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींतहि मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क आला. नांव गाळल्यानें भांडण मिटत नाहीं, तें वीस वर्षें पुढें ढकललें जातें. नवऱ्यास हयातींतच बायकोचें नांव सातबाऱ्यावर लावतां येतें. सन १९९२ पासून लक्ष्मीमुक्ति योजनेची ती सोय आहे. आम्हांस विचाराल तर प्रत्येक शेतकऱ्यानें ही सोय घ्यावी. सन २०२५ मध्यें सरकारनें मृत खातेदारांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्यासाठीं ‘जिवंत सातबारा’ नांवाची मोहीम राज्यभर चालविली. अशी मोहीम काढावी लागली यावरूनच किती शेतें मेलेल्यांच्या नांवें होतीं, याची कल्पना यावी.

उत्पन्नाचा दाखला

हा दाखला पटवाऱ्याच्या अहवालावरून तहसीलदार देतात. सेतु केंद्रांत किंवा आपले सरकार केंद्रांत अर्ज करावा. सन २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालीं यास १५ दिवसांची मुदत आहे.

येथें हिशेब नीट समजून घ्यावा. उदाहरणादाखल एकरीं निव्वळ उत्पन्न ९,००० रुपये धरूं. वरील गोष्टींतील आठ एकर एकत्र धरले तर उत्पन्न ७२,००० रुपये होतें व अर्ज तेथेंच संपतो. चार भावंडांचीं नांवें चढून दोन एकरांचा हिस्सा वेगळा झाला, तर तें १८,००० रुपये होतें व अर्ज मर्यादेंत बसतो. जमीन तीच, पीक तेंच. भेद फक्त नोंदीचा.

मात्र खोटें लिहूं नये. मजुरी, दुकान, नोकरी करणारा मुलगा एकत्र राहत असल्यास त्याची कमाई, हें सर्व उत्पन्नांत येतें. खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम परत भरावी लागते, आणि तेव्हां दलाल जवळ उभा राहत नाहीं. आमचें स्वतःचें मत विचाराल तर २१,००० रुपयांची मर्यादा फारच तोकडी आहे. वर्षाचे २१,००० म्हणजे दिवसाचे ५८ रुपयेहि होत नाहींत. जी विधवा दोन एकरांखेरीज कापूस वेचावयास जाऊन चार पैसे मिळविते, ती प्रामाणिकपणें सांगेल तर मर्यादेबाहेर जाते. ही मर्यादा वाढावी म्हणून शेतकऱ्यांच्या संघांनीं ठराव करून सरकारकडे पाठविणें योग्य होईल. तोंवर अशा बाईनें निदान प्राधान्य कार्डाचा ४४,००० चा मार्ग सोडूं नये. सन २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेंतहि २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीस दरमहा १,५०० रुपयांची तरतूद असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे. मात्र निराधार योजनेचे १,५०० व हे १,५०० असे दोन्ही एकाच बाईस मिळत नाहींत.

अर्ज, पोंच व बँकेचें खातें

निराधार व श्रावणबाळ योजनांचा अर्ज तहसिलींत द्यावा. त्यासोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादींतील उतारा, शिधापत्रिका, आधार, बँकेचें पुस्तक. विधवेनें नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. दिव्यांगानें निदान ४० टक्क्यांचें प्रमाणपत्र. व्याधिग्रस्तानें सरकारी डॉक्टरचा दाखला जोडावा. प्रत्येक कागदाची एक नक्कल घरीं ठेवावी. अर्ज दिल्यावर तारीख व क्रमांक असलेली पोंच घेतल्यावांचून उठूं नये. पोंच नाहीं तर अर्ज दिलाच नाहीं असें समजावें. हें आम्ही मेजाच्या आंतल्या बाजूच्या अनुभवानें सांगतों.

पैसे आतां थेट बँकेच्या खात्यांत येतात, व ते ज्या खात्यास आधार जोडलेला असेल त्यांतच जातात. पुष्कळ म्हाताऱ्यांनीं पूर्वीं कोणाच्या तरी सांगण्यावरून दुसरें खातें उघडलेलें असतें, पैसे तिकडे पडतात, आणि इकडे “अनुदान बंद झालें” अशी ओरड होते. म्हणून बँकेंत जाऊन आधार कोणत्या खात्यास जोडला आहे तें विचारावें. तसेंच दर वर्षीं जानेवारी ते मार्च या अवधींत हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास जिवंत माणसाचें अनुदान थांबतें.

अर्ज नामंजूर झाल्यास

तोंडी नकार घेऊन परतूं नये. कारण लेखी मागावें. उत्पन्नाचा दाखला मुदतींत न मिळाल्यास किंवा नाकारल्यास लोकसेवा हक्क अधिनियमाखालीं ३० दिवसांच्या आंत प्रथम अपील करतां येतें; पुढें दुसरें अपील व त्यानंतर आयोग आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निराधार अर्जाचें काय झालें हें कळत नसेल तर सन २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं १० रुपये भरून विचारावें. ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें. भाषा सौम्य असावी, तक्रारीचा सूर नसावा. “माझ्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जांत कोणता कागद कमी आहे, तें कळवावें,” एवढेंच लिहावें. मेजावरचा कारकून बहुधा दुष्ट नसतो. तो घाईंत असतो. नेमका प्रश्न लेखी विचारला म्हणजे त्यासहि नेमकें उत्तर लेखी द्यावें लागतें.

शेवटची विनंति

वाचकांस दोन गोष्टी करण्याची विनंति आहे. पहिली, आज सायंकाळीं आपल्या घरचा सातबारा व आठ-अ काढून पाहावा. त्यावर एखाद्या मृत माणसाचें नांव असेल तर पाडव्यापूर्वीं वारसांच्या नोंदीचा अर्ज द्यावा. भावाभावांत सलोखा आहे तोंवरच तो देणें सोपें असतें. दुसरी, आपल्या शेजारचें एक घर मनांत आणावें, जेथें कर्ता माणूस नाहीं किंवा उठवत नाहीं, आणि त्या घराचे कागद एकदां स्वतः वाचून पाहावे. कोणता कागद कमी आहे तें त्यांस स्पष्ट शब्दांत सांगावें.

पवनारास आम्ही दर सोमवारीं सकाळीं घराच्या ओट्यावर हेंच काम घेऊन बसतों. गेल्या आठवड्यांत एक म्हातारी आली. तिच्या अर्जावर कोणींतरी ‘अपूर्ण’ असेंच लिहिलें होतें. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तेवढा राहिला होता. तो ग्रामपंचायतींतून दुसऱ्या दिवशीं मिळाला.